खुर्दा किती गेला?

मागे ऐकू येतंय का? माइक जरा खरखरतोय, पण चालेल. मंडळी, मी आयुष्यभर अकाउंट्स शिकवलं. त्यामुळे युद्धावर बोला म्हणून फोन आला तेव्हा मी आयोजकांना म्हटलं, अहो मी ना इतिहासवाला ना फौजेतला, मला कीर्द-खतावणी सोडून काही येत नाही, तर ते म्हणाले मग तेच बोला. तर मी तेच बोलणार आहे, कंटाळा आला तर खुशाल बाहेर एक चक्कर मारून या, मी राग मानत नाही, वर्गात सवय आहे.

पानिपतची ती बातमी तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. १७६१ चा जानेवारी, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, आणि वाटेत एक सावकारी पत्र हाताला लागतं. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. शब्द थोडे इकडचे तिकडे सापडतात, पण मतलब हाच. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकीची साधी माणसं. शाळेत आमच्या सरांचा गळा मोत्यांपाशी दाटून यायचा, मोहरांपर्यंत ते सावरायचे, आणि खुर्द्यापाशी तास संपायचा. मी पुढे अकाउंट्स शिकवायला लागलो तेव्हा मला तेच वाक्य वेगळं दिसायला लागलं. तीन नोंदी आहेत बघा. पहिल्या दोन चोख, आकड्यात. तिसऱ्यापुढे ‘गणती नाही’. असं व्हाउचर कुणी माझ्याकडे आणलं असतं ना, की मोठ्या नोटांचा हिशोब पैशापर्यंत बरोबर आणि चिल्लरीचं काय ते देवाला माहीत, तर मी ते तोंडावर परत केलं असतं. सावकाराचा दोष नाही, त्याला घाई होती आणि पत्र शत्रूच्या हाती पडायची भीती होती. पण युद्धाचा हिशोब जगात अजून असाच लिहिला जातो, यात कसली घाई आहे?

आणि तिसरी नोंद लिहिता येतच नाही असं पण नाही. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख बघा, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. कलिंगात दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसं मेली. मला हे तिसरं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. ‘मारली गेली’ आणि ‘मेली’ अशी दोन वेगळी खाती त्याने दगडावर उघडलीत. मारली गेली ती तलवारीने. मेली ती कशाने? तापाने, उपासमारीने, घर सुटल्यामुळे. आता हेच आजच्या भाषेत ऐका. ब्राउन युनिव्हर्सिटीत ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ नावाचा प्रोजेक्ट आहे, २००१ नंतर अमेरिका ज्या युद्धांत उतरली त्यांचा हिशोब ते लोक ठेवतात. २०२१ चा त्यांचा अंदाज असा की थेट हिंसाचारात साधारण ९ लाख माणसं गेली. आणि २०२३ चा अंदाज असा की युद्धामुळे जे कोलमडलं त्याने, म्हणजे रोगराई, कुपोषण, बंद पडलेले दवाखाने यांनी, आणखी ३६ ते ३८ लाख. एकाला चार. अशोकाचं ‘कितीतरी पट’ म्हणजे जवळपास एवढंच की हो.

हे एकाला चार कसं होतं ते जरा बारकाईने बघू, कारण बातम्यांत बॉम्ब दिसतो आणि पुढचं काहीच दिसत नाही. समजा बॉम्ब वीजकेंद्रावर पडला. माणसं मेली चार. वीज गेली म्हणून पाण्याचे पंप थांबले, पंप थांबले म्हणून नळाला पाणी नाही, लोक नदीवर जायला लागले, आणि त्याच विजेवर चालणारं सांडपाण्याचं केंद्र पण बंद असल्याने सगळी घाण त्याच नदीत. हॉस्पिटलचा जनरेटर डिझेलवर, डिझेल चेकपोस्टला अडकलेलं, लशींचा फ्रीज गरम झाला, लशी फेकून दिल्या. सहा महिन्यांनी एक दोन वर्षांचं पोर हगवणीने जातं. त्याच्या नावापुढे कोण लिहिणार ‘युद्धात मृत’? डॉक्टर असलाच तर तो लिहिणार ‘अतिसार’. पोर खुर्द्यात पण धरलं जात नाही, ते हिशोबाच्या वहीतच येत नाही.

२००२ मध्ये अमेरिकेचे जनरल टॉमी फ्रँक्स अफगाणिस्तानात सरळ म्हणाले होते की आम्ही प्रेतं मोजत बसत नाही. माणूस निदान खोटं बोलला नाही. मग २००३ मध्ये, इराकवर हल्ला होण्याच्या आधीच, काही लोकांनी ठरवलं की तुम्ही नाही मोजत तर आम्ही मोजतो, आणि ‘इराक बॉडी काउंट’ सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांत एक जण कोण, तर संगीताचं मानसशास्त्र शिकवणारा ब्रिटिश प्रोफेसर! पद्धत बघा यांची, मला अकाउंटंट म्हणून कौतुक वाटतं, प्रत्येक घटनेची बातमी जुळवायची, हॉस्पिटल-शवागाराच्या नोंदी मिळतील तिथे ताडून बघायच्या, आणि दोन आकडे लिहायचे, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. एक ठोक आकडा फेकायचा मोह टाळायचा. त्यांना शिव्या दोन्हीकडून पडल्या. युद्धवाले म्हणाले हे आमची बदनामी करतायत, आणि युद्धविरोधकांतलेच काही म्हणाले की तुमचा आकडा फार कमी आहे, सर्व्हे केला तर कितीतरी जास्त निघतो. ज्याच्या वहीवर दोन्ही पार्ट्या नाराज त्याची वही बहुधा बरी असते, हे माझं आपलं व्यवसायातलं मत.

बरं, आता पैशाकडे येतो, माझा हातखंडा विषय. हिशोबाच्या दोन पद्धती असतात हे कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. एक कॅश बेसिस, पैसे हातातून गेले की नोंद. दुसरी अॅक्रुअल, म्हणजे देणं ज्या दिवशी अंगावर आलं त्याच दिवशी लिहायचं, भले ते फेडायला चाळीस वर्षं लागोत. साधं छोटं दुकान चालवायचं तर पहिली चालते. युद्धाला ती लावली की घोटाळा. सैनिकाचा पाय ज्या दिवशी गेला त्याच दिवशी पुढच्या पन्नास वर्षांचं पेन्शन, कृत्रिम पाय, औषधं हे सगळं देणं उभं राहिलं, पण त्या वर्षीच्या बजेटात फक्त गोळीची किंमत दिसते.

२००२ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे बोलून गेले की इराक युद्धाचा खर्च १० ते २० हजार कोटी डॉलर येऊ शकतो. व्हाइट हाउस हादरलं, छे छे एवढा कुठे, ५-६ हजार कोटींत काम होईल असा सरकारी आकडा आला, आणि डिसेंबरात लिंडसे घरी. पुढे २००८ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स या अर्थतज्ज्ञांनी पेन्शन, उपचार, व्याज असं सगळं धरून मांडणी केली तर आकडा निघाला ३ लाख कोटी डॉलर. म्हणजे ज्या माणसाला जास्त आकडा सांगितला म्हणून घरी पाठवलं त्याचा अंदाज सुद्धा निदान पंधरापट कमी होता. आणि हे सगळं उधारीवर. युद्ध चालू असताना टॅक्स वाढवायचे सोडून २००३ मध्ये कमी केले. लोकांना बिल दिसलंच नाही, मग कोण कशाला तक्रार करतंय. ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’वाल्यांचा २०२१ चा एकूण आकडा ८ लाख कोटी डॉलर आहे, त्यातले २.२ लाख कोटी तर नुसते माजी सैनिकांच्या पुढच्या देखभालीचे, म्हणजे अजून द्यायचेत.

उधारी किती लांब जाते? पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं. ब्रिटनने त्या युद्धासाठी काढलेलं वॉर लोन फेडलं कधी, तर मार्च २०१५ मध्ये, १९० कोटी पौंड. जर्मनीने युद्धभरपाईसाठी काढलेल्या जुन्या बाँडांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता, साधारण ७ कोटी युरो, दिला ३ ऑक्टोबर २०१० ला. बाँड विकतानाची ब्रिटनमधली त्या काळातली एक जाहिरात आहे, तिचा अर्थ असा की सैनिकाला असते तशी कसलीच जोखीम गुंतवणूकदाराला नाही. लिहिणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटलं नसेल, उलट पैसे सुरक्षित राहतील असं तो प्रामाणिकपणे सांगत होता. मी हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहायचो आणि पोरांना विचारायचो, यात नावे कोण आणि जमा कोण?

याहून मला एक छोटी रक्कम कायम आठवते. ७३ डॉलर १३ सेंट, महिन्याला. अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं १८६५ ला. त्यात लढलेल्या एका सैनिकाने म्हातारपणी दुसरं लग्न केलं, १९३० मध्ये त्याला मुलगी झाली तेव्हा बाप ८३ वर्षांचा. मुलगी अपंग असल्याने बापाच्या युद्धाचं पेन्शन तिला चालू राहिलं. ती वारली २०२० मध्ये. तोपर्यंत अमेरिकन सरकार दर महिन्याला १८६५ ला संपलेल्या युद्धाचं बिल भरत होतं, दीडशेच्या वर वर्षं. गंमत म्हणजे हा बाप आधी दक्षिणेकडून लढला, मग पळून जाऊन उत्तरेकडून. पेन्शन अर्थात जिंकलेल्या उत्तरेचं. ज्याने कुणी ते खातं २०२० मध्ये बंद केलं असेल, त्या क्लार्कला भेटायला मला आवडलं असतं.

आणि जे बिल आकड्यात बसतच नाही, म्हणजे सैनिकाच्या मनाला झालेली जखम, ते घरात येऊन पडतं. पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणायचे, आणि कितीतरी जणांना भित्रे म्हणून वागवलं. व्हिएतनामहून परतलेल्या पोरांनी न्यूयॉर्कमध्ये आपापसात बैठका सुरू केल्या, गोल करून बसायचं आणि बोलायचं, रात्री काय दिसतं, बायकोवर हात का उगारला जातो, फटाका वाजला की पलंगाखाली का जातो. हे करणारे कोण, तर युद्धाविरुद्ध मोर्चे काढणारेच माजी सैनिक. काही मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्याबरोबर बसले, आणि पुढे १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेला आघात, हा आजार म्हणून अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला, त्यात या बैठकांचा मोठा हात आहे. आज आपण सहज म्हणतो ना, ट्रॉमा आहे, तो शब्द असा मिळवावा लागलाय. आणि तरी २०२१ चा एक आकडा बघा, २००१ नंतरच्या युद्धांत लढताना-बिढताना ७ हजारच्या आसपास अमेरिकन सैनिक मेले, आणि त्या काळातल्या सैनिक व माजी सैनिकांच्या आत्महत्या ३० हजारांवर. पुन्हा एकाला चार, योगायोगच म्हणायचा.

लाओस राहिलंच. १९६४ ते १९७३, या देशावर २० लाख टनांपेक्षा जास्त बॉम्ब पडले, आणि लाओसशी कुणी युद्ध जाहीर पण केलेलं नव्हतं. क्लस्टर बॉम्ब म्हणजे एका मोठ्या डब्यात शेकडो लहान गोळे, तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. असे २७ कोटी गोळे, त्यातले जवळपास ३० टक्के फुटलेच नाहीत. टेनिसच्या चेंडूएवढा लोखंडी गोळा, मातीचा रंग चढलेला, शेतात कुदळ मारली की टण्ण. किंवा पोराच्या हाताला लागतो आणि ते फेकून बघतं. युद्ध संपल्यावर अशी २० हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. तिथे शेत साफ करायचं काम म्हणजे दोरी बांधून एकेक पट्टा आखायचा, डिटेक्टर फिरवायचा, आवाज आला की गुडघ्यावर बसून माती हाताने बाजूला करायची, आणि बहुतेक वेळा निघतो गंजका खिळा. परत उठायचं, पुढे सरकायचं. बॉम्ब टाकायला नऊ वर्षं लागली, काढायला पन्नास झाली तरी संपत नाहीयेत. भूसुरुंगांचा पण हाच धंदा, बनवायला अगदी स्वस्त, काही डॉलरांत होतो, काढायला शेकडो. घसारा उलटा चालतो अशी माझ्या माहितीतली ही एकच मालमत्ता, जितकी जुनी तितकी महाग.

आता शांततावाल्यांना काय किंमत मोजावी लागते ते. ज्याँ जोरेस हे फ्रान्सचे समाजवादी नेते, युद्ध टळावं म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत धावपळ करत होते. ३१ जुलै १९१४ ला रात्री पॅरिसच्या एका कॅफेत जेवताना खिडकीतून त्यांना गोळ्या घातल्या. तीन दिवसांनी जर्मनी-फ्रान्स युद्ध सुरू. मारेकऱ्याचा खटला युद्ध संपेपर्यंत लांबवला, आणि मार्च १९१९ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं ऐका. खटल्याचा खर्च कोर्टाने कुणाला भरायला लावला? जोरेसच्या विधवेला. नवरा गेला, युद्ध झालंच, त्यात मुलगा पण मारला गेला होता, आणि वर कोर्टाचं बिल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे.

ब्रिटनमध्ये ज्यांनी बंदूक धरायला नकार दिला त्यांच्यातल्या ३५ जणांना १९१६ मध्ये फ्रान्सला नेऊन मृत्युदंड सुनावला, मग तो दहा वर्षं सक्तमजुरीवर आणला, आणि युद्धानंतर असा नकार देणाऱ्यांचा मतदानाचा हक्क पाच वर्षं काढून घेतला. अमेरिकेत जनेट रँकिन, काँग्रेसमध्ये म्हणजे तिथल्या संसदेत निवडून आलेली पहिली बाई, तिने १९१७ ला युद्धाविरुद्ध मत दिलं, आणि ८ डिसेंबर १९४१ ला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा दिलं. ३८८ विरुद्ध १. बाहेर लोक एवढे खवळले की तिला टेलिफोन बूथमध्ये घुसून दार लावून घ्यावं लागलं, पोलीस आले तेव्हा सुटली. मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी मी सभागृहात असतो तर तिच्या विरुद्ध मत दिलं असतं. जपान आणि हिटलर यांच्यापुढे दुसरा उपाय होता असं मला वाटत नाही. पण ते मत देऊन झाल्यावर बूथमधून तिला बाहेर काढायला मी गेलो असतो का, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, पण यांच्या मोर्च्यांनी युद्ध थांबतं का?)

बसा बसा, प्रश्न बरोबर आहे. बहुतेक वेळा नाही थांबत. १५ फेब्रुवारी २००३ ला जगात शेकडो शहरांत मोर्चे निघाले, एकट्या रोमच्या मोर्च्यात ३० लाख लोक होते अशी गिनीजमध्ये नोंद आहे, आणि २० मार्चला इराकवर बॉम्ब पडायला लागले. भूसुरुंगबंदीचा करार १९९७ चा, क्लस्टर बॉम्बचा २००८ चा, दोन्ही सामान्य लोकांच्या रेट्याने झाले, पण सगळ्यात मोठे लष्करवाले देश त्यात कधी आलेच नाहीत, आणि २०२५ मध्ये लिथुआनिया क्लस्टरवाल्यातून बाहेर पडला, भूसुरुंगवाल्यातून बाल्टिक देश, फिनलंड, पोलंड यांनी निघायचं ठरवलं. शेजारी रशिया असल्यावर त्यांना दोष देणं मला सोपं जात नाही. २०२४ मध्ये जगाने लष्करावर २.७ लाख कोटी डॉलर घातले, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं वर्षाचं बजेट त्याच्यापुढे ५६० कोटी, म्हणजे पाव टक्का पण नाही. तेव्हा कोण जिंकतंय हे उघड आहे.

पण एक वही दाखवतो, ती बंद झाली नाही. १९५० च्या दशकात अणुचाचण्या उघड्यावर व्हायच्या, आणि सरकार म्हणायचं काळजीचं कारण नाही. त्यातून स्ट्रॉन्शियम-९० नावाचं किरणोत्सारी द्रव्य पडायचं, ते कॅल्शियमसारखं वागतं, गवतावर पडलं की गाईत, गाईतून दुधात, दुधातून पोराच्या हाडात आणि दातात. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात काही डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि गृहिणींनी ठरवलं की पोरांचे दुधाचे दात गोळा करायचे. पडलेला दात पाकिटात घालून पाठवायचा, सोबत फॉर्म, जन्म कधीचा, आईचं दूध किती महिने, बाटलीचं किती. पोराला बदल्यात एक बिल्ला मिळायचा, मी माझा दात विज्ञानाला दिला असं लिहिलेला. असे ३ लाख २० हजार दात जमले. शाळेतली पोरं बिल्ल्यासाठी दात हलवून हलवून पाडत असतील, मी तरी पाडला असता. निष्कर्ष असा आला की चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढलंय. १९६१ च्या नोव्हेंबरात ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’च्या हजारो बायका या चाचण्यांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, पुढच्या वर्षी त्यांना कम्युनिस्ट ठरवायला काँग्रेसच्या समितीपुढे उभं केलं, तर त्या कडेवर पोरं आणि हातात फुलं घेऊन गेल्या आणि समितीचंच हसं झालं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार केला. फक्त दातांमुळे झाला असं मी म्हणणार नाही, १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध पेटायच्या बेतात आलं होतं, त्या तेरा दिवसांनी दोन्हीकडचे घाबरले होते. पण दात टेबलावर होते.

आणि २००१ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीला उरलेले ८५ हजार दात सापडले, छोट्या छोट्या पाकिटांत, प्रत्येकावर पोराची माहिती लिहिलेली. ठेवले होते लष्कराच्या जुन्या दारूगोळ्याच्या बंकरमध्ये. पाकिटं उघडून त्या पोरांना, म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना, शोधायचं काम पुन्हा सुरू झालं.